कडाक्याच्या थंडीत गाडी धुताना: मीठ काढा, पाणी मागे ठेवू नका

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हिवाळ्यात गाडी धुण्याचं खरं कारण एकच, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. धूळ आणि चिखल डोळ्यांना खुपतो, पण थंडी संपेपर्यंत तसाच राहिला तरी फारसं बिघडत नाही. मीठ मात्र तेवढे महिने गप्प बसत नाही. दारांच्या खालच्या कडेत, मडगार्डच्या आत, ब्रेकच्या नळ्यांवर, सस्पेन्शनच्या सांध्यांत ते शिरतं आणि तिथेच लोखंड खात राहतं. त्यामुळे बॉनेटच्या चकाकीबद्दल इथे फारसं काही सापडणार नाही. बराचसा मजकूर गाडीच्या पोटाबद्दल आहे आणि उरलेला ती कोरडी करण्याबद्दल. थंडीत गाडी धुतल्यावर ज्या तक्रारी ऐकू येतात, म्हणजे दार उघडेना, ब्रेक धरून बसले, काच आतून गोठली, त्या सगळ्या मागे राहिलेल्या पाण्याच्या असतात.

मीठ नेमकं काय करतं

रस्त्यावर सर्वात जास्त टाकलं जातं ते साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. पाण्यात मीठ विरघळलं की ते शून्याला गोठत नाही. व्यवहारात साध्या मिठाचा उपयोग साधारण उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत होतो. त्याहून कडक थंडी असते तिथे मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात, तेही बऱ्याचदा द्रावण करून, बर्फ पडायच्या आधीच फवारून. गाडीच्या दृष्टीने हे दोन क्षार जास्त त्रासदायक. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओलं होतं, हे दोन मात्र ३०-३५ टक्क्यांनाच हवेतून पाणी ओढून घेतात. गाडी वरून ठणठणीत कोरडी दिसत असते आणि पत्र्याच्या सांध्यात खारं पाणी तसंच असतं. गंज चढायला लोखंड, ओल आणि हवा एवढं पुरतं. ती ओल खारी असली की तिच्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि काम फार लवकर होतं.

आता एक गोष्ट, जी अनेकांना उलटी वाटते. मिठाने माखलेली गाडी रोज ऊबदार गॅरेजमध्ये आणून लावली, तर बाहेर कडाक्याच्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा ती लवकर गंजते. बाहेर बर्फ गोठलेला राहतो आणि रासायनिक क्रिया मंदावलेली असते. आत आल्यावर बर्फ वितळतो, मीठ विरघळतं, सांध्यांत झिरपतं आणि उबेत क्रिया वेग घेते. गॅरेज गरम असेल तर गाडी धुण्यात चालढकल मुळीच नको.

"धुऊन काय उपयोग, परत रस्त्यावर आली की तासाभरात पांढरी होणार," हा युक्तिवाद दरवर्षी ऐकू येतो. तासाभरात पांढरी होते हे खरंच आहे. पण नुकसान ठरतं ते मिठाचा थर किती जाड आहे आणि तो किती दिवस बसून आहे यावर. रस्त्यांवर मीठ पडत असेल त्या दिवसांत १० ते १४ दिवसांतून एकदा धुतलेली गाडी आणि चार महिने न धुतलेली गाडी, दोन्ही लिफ्टवर चढवून खालून पाहिल्या की फरक सांगावा लागत नाही.

दिवस आणि वेळ

उघड्यावर हाताने धुवायची तर हवेचं तापमान किमान ४-५ अंश असावं. शून्य ते ४ अंशांत ऊन असेल, वारा नसेल आणि हात भरभर चालत असेल तर जमतं. शून्याखाली बाहेर बादली काढू नये. तेव्हा पैसे देऊन मशीनवर धुवावी किंवा वाट पाहावी.

फक्त आत्ताचं तापमान पाहून भागत नाही. पुढच्या रात्री किती उतरणार आहे ते पाहा. दुपारी ६ अंश आणि रात्री उणे ८ असा दिवस फसवा असतो, कारण सांध्यांतलं पाणी सुकायला जो वेळ हवा तो मिळत नाही. अकराच्या सुमारास सुरुवात करा आणि सूर्य मावळायच्या आधी किमान ३-४ तास हात धुऊन मोकळे व्हा. हवामानात सलग दोन-तीन दिवस ऊब दिसत असेल तर त्यातला पहिला दिवस घ्या, शेवटचा नको.

पत्र्याचं तापमान आणि हवेचं तापमान एक नसतं. रात्रभर निरभ्र आकाशाखाली उभी असलेली गाडी आपली उष्णता आकाशाकडे फेकत असते, म्हणून सकाळी हवा २-३ अंश असूनही टपावर दव गोठलेलं दिसतं. सावलीतल्या बाजूचा पत्रा दुपारपर्यंत तसाच गार राहतो. वारा असेल तर पाणी उडताना पत्र्याची आणखी उष्णता घेऊन जातं. यावर साधी चाचणी आहे: सावलीतल्या दारावर चमचाभर पाणी टाका आणि दोन मिनिटं पाहत राहा. ओघळ वाहून गेला आणि थेंब गोल, पारदर्शक राहिले तर पुढे जा. थेंबांच्या कडा दुधाळ होऊ लागल्या, किंवा ओघळाच्या टोकाला सुईसारखे कण दिसले, की पाइप गुंडाळून ठेवा. ही चाचणी फोनवरच्या आकड्यापेक्षा जास्त खरी.

जागेचाही विचार हवा. धुतलेलं पाणी कुठे वाहत जाणार? संध्याकाळी तिथे काचेसारखा बर्फ होणार आहे आणि त्यावरून कोणीतरी चालणार आहे. उतार पायवाटेकडे असेल तर जागा बदला, आणि काम झाल्यावर ओल्या जमिनीवर वाळू टाका. शिवाय साबणाचं पाणी पावसाळी गटारात सोडायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. घरासमोर धुण्यापूर्वी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

काय काय लागेल

दोन बादल्या, शक्यतो तळाला जाळी असलेल्या. सामू न्यूट्रल असलेला कार शॅम्पू. भांडी घासायचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो आणि हिवाळ्यात वॅक्सचाच आधार असतो. मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा एक, चाकांसाठी वेगळा जुना मोजा किंवा ब्रश. सुकवायला मोठे मायक्रोफायबर टॉवेल, नेहमीपेक्षा दुप्पट, कारण थंडीत ओला टॉवेल हातातच कडक होतो. रबरासाठी सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन, कुलपासाठी ग्राफाइट. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, नसेल तर साध्या पाइपनेही काम होतं.

आणि स्वतःसाठी: आत पातळ लोकरीचे हातमोजे, वर एक नंबर मोठे नायट्राइलचे. या दोन थरांनी जी सोय होते ती कुठल्याही महागड्या मोज्याने होत नाही. तळव्याला पकड असलेले बूट घाला.

पाणी किती गरम असावं, यावर बरेच गैरसमज आहेत. हात घालून आरामात ठेवता येईल इतकं, साधारण ३५-४० अंश, त्यापलीकडे नको. उकळतं पाणी गोठलेल्या काचेवर पडलं की काच तडकू शकते, आणि आधीच खडीने टवका उडालेला असेल तर ती चीर एका झटक्यात पसरते. मीठ काढायला गरम पाणी लागतच नाही. साधं मीठ १०० मिलिलिटर पाण्यात शून्य अंशालाही साधारण ३५ ग्रॅम विरघळतं आणि ४० अंशाला जेमतेम ग्रॅमभर जास्त. कोमट पाण्याचा फायदा शॅम्पूला होतो, तेलकट थराला होतो आणि मुख्य म्हणजे आपल्या बोटांना होतो. म्हणून बादलीत कोमट आणि पाइपने थंड, हे अगदी चालतं.

आधी बर्फ उतरवा

गाडीवर बर्फ असेल तर तो पाण्याने वितळवण्याच्या भानगडीत पडू नका. भुसभुशीत बर्फ मऊ फोमच्या ब्रशने वरच्या वर ओढून काढा, पत्र्याला टेकवू नका. काचेसाठी असलेली खरवडणी पत्र्यावर कधीही नको. गोठून चिकटलेला थर असेल तर गाडी १५-२० मिनिटं फिरवून आणा, हीटर लावून. काचा, बॉनेट आणि मडगार्डच्या आतला बर्फ बराचसा सुटतो आणि गाडीचा पत्राही जरा माणसात येतो. गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालू ठेवून बर्फ वितळवायचा विचार मनातही आणू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

फिरवून आणल्यावर चाकांवर लगेच पाणी मारायचं नाही. ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, त्यांवर गार पाणी पडणं चांगलं नाही. १०-१५ मिनिटं थांबा, तोवर बाकीची तयारी करा.

सुरुवात पोटापासून

उन्हाळ्यात आपण टपापासून सुरू करतो. हिवाळ्यात उलट करा, आधी खाली. कारण सरळ आहे: मध्येच गारठा वाढला, पाणी संपलं, हात बधिर झाले आणि काम अर्धवट सोडावं लागलं, तर जे महत्त्वाचं ते झालेलं असावं. वेळ फक्त १० मिनिटं असेल तर पोट आणि मडगार्ड धुवा आणि घरात जा. वरचा पत्रा रंगाने झाकलेला आहे, तो आठवडाभर थांबू शकतो.

मडगार्डच्या आत पाइप घालून वरून खाली, पुढून मागे फिरवा. आतल्या प्लास्टिक अस्तराची जी कड पत्र्याला मिळते, तिथे ओला चिखल आणि मीठ मिळून घट्ट लगदा झालेला असतो. नुसत्या फवाऱ्याने तो जात नाही, मोज्यातली बोटं कडेच्या आत घालून ओढून काढा. काळपट, वाळूसारखा गोळा हातात येतो आणि तो बोटांत चिरडला की आतून अजून ओला असतो, वर आठवडाभर कोरडी हवा असली तरी. मागच्या मडगार्डच्या अगदी खाली, बंपर जिथे सुरू होतो तिथे हे हमखास सापडतं. बऱ्याच गाड्यांना गंजाचा पहिला फोड तिथेच येतो.

मग दारांखालची पट्टी, म्हणजे सिल. तिच्या खालच्या अंगाला दोन पत्रे जोडलेली उभी कड असते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाणी मारा. त्यानंतर मागचा अॅक्सल, स्प्रिंगच्या बैठका, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या जिथून जातात तो भाग, एक्झॉस्टचे हँगर. खाली झोपून हे करायची गरज नाही. प्रेशर वॉशरला काटकोनात वाकवलेली दांडी मिळते, ती आत सरकवता येते. तेही नसेल तर बागेत गवताला पाणी घालायचा फिरता फवारा गाडीखाली ठेवा, पाच मिनिटं सोडा, गाडी दोन-तीन फूट पुढे घ्या, परत सोडा. दिसायला गमतीशीर दिसतं, पण जोर कमी असला तरी पाणी भरपूर पोहोचतं आणि मीठ विरघळायला पाणीच हवं असतं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली पाणी मारायला कोणीही जाऊ नये, ओल्या-गोठलेल्या जमिनीवर तर नाहीच.

दारांच्या खालच्या कडेला आणि सिलला पाणी निथळायची छोटी भोकं असतात, प्रत्येक दाराला साधारण दोन-तीन. ती तुंबली की दार आतून पाणी साठवतं. प्लास्टिकची केबल-टाय घेऊन एकेक भोक टोचून पाहा. गढूळ पाण्याची धार लागली तर समजा, दाराच्या पोटात तळं होतं. काचेच्या खाली, वायपरच्या जाळीपाशी अडकलेली पानंही काढा. तिथलं पाणी केबिनकडे वाट काढतं.

प्रेशर वॉशरची शिस्त

रुंद फवाऱ्याची नोझल घ्या, २५ किंवा ४० अंशांची. एका रेषेत जाणारी टोकदार धार गाडीसाठी नाही. रंगापासून निदान ३० सेंटीमीटर अंतर ठेवा, जिथे रंगाला टवके उडालेत तिथे त्याहून जास्त. टवक्यावर जवळून धार मारली की आजूबाजूचा रंगही पापुद्र्यासारखा उठतो. दारांच्या रबरावर, कुलपावर, पार्किंग सेन्सरवर, कॅमेऱ्यावर, टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर जवळून धार नको. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं झाकण बंद आहे ना ते पाहा आणि त्याच्या दिशेने धार मारू नका. बॉनेट उघडून इंजिनवर पाणी मारणं हिवाळ्यात पूर्ण वर्ज्य.

मग वरचा भाग

पत्र्यावर बसलेल्या थरात मिठाच्या कणांबरोबर रस्त्यावर टाकलेली खडी-वाळू असते. हे कण मोज्याखाली आले की रंगावर बारीक ओरखडे उठतात, जे ऊन तिरकं पडलं की जाळ्यासारखे दिसतात. त्यामुळे हात लावायच्या आधी जेवढं पाण्याने जाईल तेवढं घालवायचं. फोम मारायची तोटी असेल तर जाड फोम खालून वर मारा आणि ४-५ मिनिटं राहू द्या. फोम सुकता किंवा गोठता कामा नये, म्हणून थंडीत अख्ख्या गाडीवर एकदम न मारता अर्ध्या-अर्ध्या गाडीवर मारलेला बरा. मॅग्नेशियम क्लोराइडचा चिकट थर नुसत्या पाण्याने सहज निघत नाही, त्याला ही शॅम्पूची भिजवण लागतेच. मग वरून खाली भरपूर पाणी.

चाकं यानंतर, त्यांच्या वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या पाण्याने. रिमच्या आतल्या बाजूला बर्फ आणि चिखल थापला गेला असेल तर तो पूर्ण काढा. तो एका बाजूला गोठून बसला की चाकाचा तोल जातो आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. अनेकजण याला अलाइनमेंट समजून गॅरेज गाठतात.

आता दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मोजा शॅम्पूत बुडवा, एक पॅनल सरळ रेषेत पुसा, साध्या पाण्यात खळबळून घ्या, पिळा, परत शॅम्पूत. क्रम टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, शेवटी दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर. थंडीत एक बदल करा: दोन पॅनल झाले की लगेच धुऊन टाका, सगळी गाडी साबणात भिजत ठेवू नका. घासायला जोर लावायचा नाही. डाग एका हाताने जात नसेल तर राहू द्या, डांबराचे ठिपके काढायला हा ऋतू नव्हे.

शेवटच्या पाण्याला नोझल काढून टाका आणि पाइपने मोकळं पाणी टपावर सोडा. चादरीसारखं वाहत जाताना ते थेंबांनाही बरोबर ओढून नेतं आणि पुसायचं काम निम्म्याने कमी होतं.

कोरडी करणं

धुण्याला जेवढा वेळ दिला तेवढाच इथे द्या.

आधी मोठा पत्रा. टॉवेल पसरून ओढून घ्या, घासू नका. पाठोपाठ फटी. हवेचा ब्लोअर असेल, बागेतली पानं उडवायचा सुद्धा, तर आरशांच्या सांध्यात, दारांच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या वर, मागच्या दिव्यांच्या कडेत, इंधनाच्या झाकणात आणि रिमच्या नटांत हवा मारा. ब्लोअर नसेल तर टॉवेलचं टोक बोटावर गुंडाळून फिरवा.

मग चारही दारं आणि डिकी उघडा. दाराच्या चौकटीचं रबर आणि दारावरचं रबर, दोन्ही पुसायची. खालच्या कडेला विशेष लक्ष, तिथेच पाणी उभं राहतं. सनरूफ असेल तर त्याचं रबरही. हे रबर कोरडं झालं की त्यावर सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीनचा हलका हात फिरवा. स्प्रे थेट रबरावर न मारता फडक्यावर मारून लावा, म्हणजे रंगावर आणि काचेवर उडत नाही. पेट्रोलियम जेली वापरू नका, ती नैसर्गिक रबराला हळूहळू फुगवते. कुलपाला किल्लीचं भोक असेल तर त्यात ग्राफाइटची चिमूट. रोज रिमोटने उघडणारे लोक हे विसरतात आणि बॅटरी उतरलेल्या सकाळी किल्ली आत जात नाही.

वायपर उचलून पात्याची रबरी कड पुसा, काच पुसा, मग खाली ठेवा. वॉशरच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते हिवाळ्यात न गोठणाऱ्या द्रवाने बदलून घ्या.

एवढं झालं तरी पाणी संपत नाही. आरशांतून, दिव्यांच्या मागून, दारांच्या पट्ट्यांखालून पुढची दहा मिनिटं ओघळ येतच राहतात. म्हणून गाडी काढा आणि १५-२० मिनिटं चालवून आणा, हीटर पायांकडे आणि काचेकडे. सुरुवातीला रस्ता मोकळा बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, हळू वेगात ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. डिस्क आणि पॅड गरम होऊन कोरडे होतात. परत आल्यावर सांधे एकदा पुसा, दारं-डिकी पुन्हा उघडून बंद करा.

त्या रात्री शून्याखाली जाणार असेल आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि चाकाला अडणी लावा. ओले पॅड किंवा ड्रमचे लायनर रात्रीत चिकटून गोठतात आणि सकाळी मागची चाकं फिरतच नाहीत. ज्या गाड्यांत इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आपोआप लागतो, त्यांत तो तात्पुरता बंद कसा करायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. उतारावर मात्र ब्रेक लावायलाच हवा, तिथे गोठण्याची जोखीम पत्करा.

मशीनवर धुवायची असेल तर

कडक थंडीत हाच शहाणपणाचा मार्ग, आणि त्यात कमीपणा काही नाही. ब्रश न लागणारी, फक्त पाणी आणि रसायनाची धार मारणारी मशीन निवडा. ब्रशच्या मशीनमध्ये आधीच्या गाड्यांची खडी ब्रशात अडकलेली असू शकते. गाडीच्या खालून पाणी मारायची सोय असेलच असा पर्याय घ्या, त्याच्याशिवाय हिवाळ्यातली मशीन वॉश म्हणजे तोंड धुऊन पाय तसेच ठेवणं. गरम वॅक्स वगैरे जादा पर्यायांवर खर्च करण्यापेक्षा जोरदार हवेने सुकवणारी मशीन शोधा.

काही ठिकाणी तेच पाणी गाळून परत वापरतात. गाळल्याने चिखल जातो, विरघळलेलं मीठ जात नाही. शेवटचं धुणं ताज्या पाण्याचं आहे का, हे सरळ विचारावं.

आत जाण्यापूर्वी पावसाच्या सेन्सरवर चालणारे वायपर बंद, आरसे मिटलेले, आपोआप उघडणारी डिकी लॉक. नवीन गाड्यांत यासाठी कार वॉश मोड असतो. बाहेर पडल्यावर लगेच घरी जाऊन गाडी लावू नका. बाजूला थांबा, दारांची रबरं आणि इंधनाचं झाकण पुसा, मग ती फेरी मारून या. सोबत एक टॉवेल नेण्याइतकीच तयारी लागते.

बिनपाइपचा मार्ग

गॅरेज आहे पण गटार नाही, अशांसाठी रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार आहे. बादलीभर पाण्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात द्रावण घालायचं. त्यातले पॉलिमर कणांना वेढून घेतात आणि पुसताना ओरखडे कमी पडतात. नंतर पाणी मारून धुवावं लागत नाही, एक पॅनल पुसलं की कोरडं करून पुढे जायचं. जमीन जेमतेम ओली होते. पण खडी-मिठाचा जाड थर असलेल्या गाडीवर थेट याचा हात फिरवू नका. आधी मशीनवर किंवा पाइपने वरचा थर काढा, मग गॅरेजमध्ये निवांत हे करा. पोटाखालचं मीठ यातून निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

गाडीच्या आतलं मीठ

बुटांबरोबर आत आलेला बर्फ पायपुसण्यांवर वितळतो, कार्पेटमध्ये मुरतो आणि पांढरे डाग सोडतो. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घ्या, डागावर शिंपडा, काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने दाबून टिपा, परत साध्या पाण्याने तेच करा. पाण्याने कार्पेट भिजवून टाकू नका. ती ओल रात्री काचेवर आतून बर्फ होऊन बसते आणि सकाळी आतून खरवडत बसावं लागतं. थंडीचे महिने कापडी मॅट काढून उंच काठाचे रबरी मॅट टाकले की हा व्याप बराचसा टळतो.

वॅक्स किंवा सीलंट लावायचं काम थंडी सुरू होण्याआधी उरकून घ्यावं. बहुतेक सीलंटना नीट बसायला १० अंशांच्या वर तापमान लागतं, गारठ्यात लावलेला थर चिकट राहतो. त्याच वेळी रंगाचे टवके टच-अपने बुजवून घेतले तर मिठाला उघडा पत्रा सापडत नाही.

आवरताना आणि सकाळी दार उघडलं नाही तर

पाइप नळापासून सोडवा, उंच धरून पाणी निथळून टाका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. प्रेशर वॉशरच्या पंपात राहिलेलं कपभर पाणी पंपाची घडी मोडायला पुरतं. मशीनचं पाणी बंद करून गन दाबा, थेंब येईनासे झाले की घरात, जिथे गोठणार नाही तिथे ठेवा.

इतकं करूनही एखाद्या सकाळी दार चिकटलेलं निघतंच. हँडल ओढत बसू नका, रबर फाटतं नाहीतर हँडल हातात येतं. आधी तळहाताने दार सगळ्या कडेने आत दाबा, म्हणजे बर्फाचा पातळ पापुद्रा तुटतो. मग हलकेच ओढा. नाही सुटलं तर दुसऱ्या बाजूचं दार किंवा डिकी पाहा, आत शिरून हीटर लावता आला तर प्रश्न मिटला. अल्कोहोल असलेला डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारा द्रव, कडेने फवारला की दोन-तीन मिनिटांत रबर सुटतं, पण त्याची बाटली घरात ठेवा, गाडीत नव्हे. गरम पाणी ओतू नका, ते खाली झिरपून पुन्हा तिथेच गोठतं. दार उघडल्यावर निघायच्या आधी रबर पुसा आणि पुन्हा सिलिकॉनचा हात फिरवा.